साकोलीकडचा प्रतापगड

भंडारा जिल्ह्याकडे डोंगर चढायला निघालोय म्हटल्यावर वाईतल्या मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. भंडारा म्हणजे तांदूळ, तलाव आणि पितळेची भांडी, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. डोंगर कुठून आला? मी नाव सांगितलं, प्रतापगड, तेव्हा एकजण म्हणाला, “अरे, तो तर इथे महाबळेश्वरच्या पलीकडे आहे!” आम्हा सातारकरांना प्रतापगड एकच. 1659 च्या नोव्हेंबरात त्याच्या पायथ्याशी जे घडलं, त्यानंतर दुसऱ्या कुणाला ते नाव लावायचा हक्क उरला असेल असं आम्हाला वाटतच नाही.

पण दुसरा प्रतापगड आहे. एकेकाळी तो भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीत मोडायचा. मग तालुक्यांचे तुकडे झाले, 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि डोंगर न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेला. साकोलीची जुनी माणसं मात्र अजून ‘आपला परतापगड’ म्हणतात. त्यामुळे मीही सुरुवात साकोलीपासूनच केली.

साकोली नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. कोलकात्याचे ट्रक तिच्या अंगावरून रात्रंदिवस जातात. रस्त्यावरून पाहिलं तर हे गाव म्हणजे टायरची दुकानं, धाबे आणि फळांच्या गाड्या. आत दोन गल्ल्या शिरलात की आवाज मागे पडतो आणि कुठेतरी तळ्याची पाळ दिसते. माझे यजमान निवृत्त शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. दारात पोचल्याबरोबर त्यांच्या सूनबाईंनी पाण्याची बादली नि तांब्या पायरीवर आणून ठेवला. आमच्याकडे पाहुणा आला की आधी प्यायला पाणी. इथे आधी पाय धुवायला. पाय ओले करून उंबरा ओलांडला की प्रवासाचा शीण खरंच अर्धा होतो. मग चहा, आणि चहानंतर “आता थोडं पोटाला” म्हणून जेवणच.

जेवण म्हणजे भात. भाकरी मागायचं मनात आलं होतं, पण पानाकडे पाहून मी गप्प बसलो. आमच्या घाटमाथ्याच्या घरात भात शेवटी येतो, जेवण आटोपल्याची खूण म्हणून. इथे भातानेच सुरुवात, भातानेच मध्य आणि शेवट. बाकीचं सगळं त्याच्या सोबतीला. पोपटाच्या शेंगांची तिखट भाजी, तळ्यातल्या माशांचा रस्सा आणि लाखोरीची डाळ. ही डाळ मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. दुष्काळात दुसरं काही न मिळता महिनोन् महिने हीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत, म्हणून तिच्या विक्रीवर अनेक वर्षं बंदी होती. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. गुरुजी म्हणाले, “बंदी होती तवा बी आमी खातच होतो जी. भातासंगं खाल्ली त काई होत नाई.” आणि त्यांनी सत्तरी ओलांडलेले आपले पाय सरळ करून दाखवले.

गुरुजींच्या बोलण्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ जवळजवळ नाही. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी. शाळेत त्यांनी चाळीस वर्षं प्रमाण मराठी शिकवली, घरात मात्र झाडीबोलीच. या बोलीचा शब्दकोश करणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर याच साकोलीचे. आपल्या गावात एवढा मोठा माणूस झाल्याचं गुरुजी तीनदा बोलले, आणि आमच्या पुण्याकडच्या विद्वानांना हे ठाऊक नसणार असा आरोपही करून टाकला. मी तो नाकारला नाही.

सकाळी तर्रीपोहे खाऊन आम्ही निघालो. सौंदड, सडक अर्जुनी, मग कोहमाऱ्याहून दक्षिणेला. इकडे अर्जुनी दोन आहेत, एक सडकेवरची म्हणून सडक अर्जुनी आणि दुसरी मोरगाव अर्जुनी. दोन अर्जुनी चालतात तर दोन प्रतापगड का चालू नयेत, असं मी मनातल्या मनात मित्रांना उत्तर दिलं.

जानेवारीचा दुसरा पंधरवडा. धान कापून झालेलं, पण बांध्या रिकाम्या नव्हत्या. उभ्या धानातच, जमीन ओली असताना लाखोरी फेकून देतात. धान कापलं की तिला ऊन मिळतं आणि ती वर येते. ना नांगर, ना वेगळं पाणी. धसकटांच्या मधून तिचा हिरवा थर पसरला होता आणि त्यात निळ्या-जांभळ्या फुलांचा शिडकावा. मळणीच्या खळ्यावर कुठे कुठे धानाचे पुंजणे अजून उभे होते. दर एक-दोन मैलांवर तळं. काही एवढी मोठी की पलीकडचा काठ धुक्यात, काही एखाद्या शेताच्या कोपऱ्यातली बोडी. पाळीवर मोहाची झाडं, पाण्यात बगळे.

आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी नाटकाची जाहिरात. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की इकडे नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडताना संपतं. शंकरपट असेल त्या गावात दिवसा बैलं धावतात नि रात्री नट. बैलांच्या शर्यतींवर 2014 पासून बंदी होती. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केल्यावर पट पुन्हा निर्धास्त भरू लागले. एका फलकावर नाटकाचं नाव असं काही कौटुंबिक आणि रक्तरंजित होतं की मी गाडी थांबवून ते दोनदा वाचलं. पुण्यात नाटकाला दोनशे माणसं आली की आम्ही रंगभूमी जिवंत असल्याचा लेख लिहितो. इथे थंडीत घोंगड्या पांघरून अख्खं गाव रात्रभर बसतं, आणि त्यावर कुणी लेख लिहीत नाही.

वाटेत नवेगावबांध. इथे न थांबता पुढे जाणं शक्यच नव्हतं. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेली वर्षं मराठी वाचकाच्या मनात ठाण मांडून आहेत. मी मात्र पक्ष्यांपेक्षा पाळीकडे जास्त वेळ पाहत होतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने दोन टेकड्यांमधली फट मातीने बुजवली आणि सतरा मैल घेराचं तळं उभं केलं. भोवतीच्या शिखरांना सात बहिणी म्हणतात. बांध घालताना त्यांनी पाटलाला मदत केली अशी कथा आहे. पुढे पाटलाचाच देव झाला, कोलासूर, आणि त्याचं ठाणं याच डोंगरात आहे. आमच्याकडे किल्ला बांधणाऱ्याचं नाव इतिहासात जातं, लढणाऱ्याचं पोवाड्यात. तळं बांधणाऱ्याला देव केलेला मी इथेच पाहिला.

तिथून पुढे रस्ता अरुंद झाला, जंगल जवळ आलं. आणि एका वळणावर तो दिसला. सह्याद्रीत डोंगर एकटा कधी भेटत नाही. एकाच्या खांद्यावरून दुसरा डोकावतो, तिसऱ्याची सोंड चौथ्याच्या पायाशी येते. हा सपाट भातशेतीत एकटाच उभा होता, झाडीने भरलेला, माथ्याकडे थोडा खडक उघडा. उंचीने मोठा म्हणता येणार नाही. पण आजूबाजूला तुलनेला काहीच नसल्यामुळे नजर दुसरीकडे जायला तयार नव्हती.

पायथ्याच्या गावात एका घराच्या ओसरीवर दुकान होतं. म्हातारीने कोरा चहा दिला आणि चौकशी सुरू केली.

“कोटचे जी तुमी?”

“साताऱ्याकडचा, वाईचा.”

“तिकडं बी परतापगड हाये म्हनतेत.”

“हो, आहे ना.”

“मंग इकडं कायले आले?” तिने खरंच उत्तराची वाट पाहिली. मला सुचलं नाही. तीच पुढे म्हणाली, “नवस हाये का?”

नवस नव्हता, लाकूड नको होतं, मोह वेचायचे दिवस नव्हते, यात्राही नव्हती. यातलं काहीच नसताना माणूस वर का जाईल हे तिला कळेना, आणि तिच्या ओसरीवर बसल्यावर मलाही ते समजावून सांगता येईना. आमच्या भागात शनिवारी रात्री पुण्या-मुंबईच्या पाठपिशव्या डोंगरावर चढतात. त्यांना कुणी कारण विचारत नाही, फक्त पार्किंगचे पैसे घेतात. शेवटी तिने शेजारच्या काकाजींना हाक मारली. “एकटे नका जाऊ. वर अस्वल रायते.”

काकाजी साठीच्या पुढचे, खांद्यावर कुऱ्हाड, पायात झिजलेली रबरी चप्पल. माझे चढाईचे बूट त्यांनी कौतुकाने पाहिले आणि मग अख्ख्या वाटेत एकदाही त्यांची चप्पल घसरली नाही.

वाट सुरुवातीला बांबूतून जाते. मग ऐन, धावडा, तेंदू. सालई पूर्ण निष्पर्ण होऊन उभी होती. काकाजी प्रत्येक झाड त्याच्या उत्पन्नाने ओळखतात. हा तेंदू, उन्हाळ्यात पानं. ही चार, हिची चारोळी. हा मोह, याखाली मार्च-एप्रिलात पहाटे यायचं, पण आधी खोकायचं, दगड वाजवायचा, कारण फुलं वेचायला अस्वलही त्याच वेळी येतं. “तेचा बी हक्क हाये,” ते म्हणाले. हा परिसर 2013 साली जाहीर झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा. जंगलात जाण्याबद्दलचे नियम काकाजींना पाठ आहेत आणि त्यातले कोणते कशासाठी आहेत याबद्दल त्यांची स्वतंत्र मतंही आहेत. ती इथे लिहीत नाही; त्यांना उद्याही त्याच रानात जायचं आहे.

पायाखालचा दगड माझ्या ओळखीचा नव्हता. आमचा सह्याद्री लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, काळा. आम्हाला तो फार प्राचीन वाटतो. भूगर्भशास्त्रात मात्र ‘साकोली समूह’ म्हणून खडकांचा एक गट प्रसिद्ध आहे. या लहानशा तालुक्याच्या गावाचं नाव मिळालेले ते खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. म्हणजे आपला सह्याद्री निर्माण व्हायचा होता तेव्हाही इकडची जमीन म्हातारीच होती. रायगड-राजगडाच्या वयाचा तोरा मिरवणाऱ्याने इकडे येऊन एकदा हा हिशोब करावा.

चढावर एका ठिकाणी वाटेकडेला दगडांची रास होती. काकाजींनी खाली वाकून एक दगड उचलला, राशीवर ठेवला, काही न बोलता पुढे गेले. मीही ठेवला. कुणाचं ठाणं आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, “वाटेचं.”

माथ्याकडे जुन्या किल्ल्याच्या खुणा लागतात. गोंड राजवटीच्या काळातला हा किल्ला असं इकडे मानतात. तटाचे दगड आता झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेत. आमच्या किल्ल्यांवर प्रत्येक बुरुजाला नाव, प्रत्येक टाक्याची कथा, आणि त्या सांगायला उत्साही तरुण हजर. इथे काकाजींनी तटाकडे बोट दाखवून “राजाचं हाये” एवढंच सांगितलं. कोणता राजा, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. त्यांच्यासाठी हा डोंगर महादेवाचा. महाशिवरात्रीला पूर्व विदर्भातून नि पलीकडच्या छत्तीसगडातूनही माणसं येतात, त्रिशूळ घेऊन, गावागावांचे पोहे, म्हणजे पायी चालणारे जथे. आणि याच डोंगराच्या आसऱ्याला ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. नाव अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या गुरूंचं. महादेवाला आलेला माणूस दर्ग्यावर जातो, दर्ग्यावर आलेला यात्रेत फिरतो. मी याबद्दल काहीतरी मोठं बोलणार होतो, पण काकाजी नारळाच्या भावाबद्दल सांगत होते.

मग वर पोचलो.

सह्याद्रीच्या माथ्यावरून डोंगरांच्या रांगा दिसतात; एकामागे एक, फिकट होत जाणाऱ्या. तिथे माणसाचं काही दिसत नाही आणि तेच आपल्याला आवडतं. इथून चारी बाजूंना जमीन सपाट पसरलेली आणि ती सगळी माणसाने हाताळलेली. एका बाजूला गाढवी नदीवरच्या इटियाडोहाचं मोठं पाणी, उन्हात डोळ्यांवर येणारं. उत्तरेकडे नवेगावच्या बहिणी, निळसर. पूर्व-दक्षिणेला गडचिरोलीचं जंगल सुरू होऊन क्षितिजापर्यंत न थांबता गेलेलं. आणि या सगळ्याच्या मधे बांध्यांचे चौकोन, त्यांत जागोजाग तळी. मोजायला गेलो आणि सोडून दिलं. काकाजी मात्र एकेका पाण्याचं नाव सांगत होते. कुठलं कोणाच्या आज्याने बांधलं, कुठल्यातलं पाणी कोणत्या गावाला, कुठल्यावरून कोणाची मारामारी झाली.

खाली असताना ही तळी सुटी सुटी वाटली होती. वरून त्यांची साखळी कळते. एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात, त्याचा तिसऱ्याच्या. उतार इतका सौम्य की जमिनीवर उभ्या माणसाला जाणवू नये, पण कोलू पाटलाच्या कोहळी समाजाला तो जाणवला होता. हातात कसलंही यंत्र नसताना त्यांनी पाणी कुठे थांबेल हे ओळखलं. मालगुजारांच्या, म्हणजे इकडच्या जमीनदारांच्या, काळात या तळ्यांची निगा गावच करायचं, कारण पाणी गावाचं होतं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते बरंच झालं. पण तळी सरकारजमा झाली आणि गाळ काढायचा कुणी हा प्रश्न त्यांच्याबरोबर तळाशी जाऊन बसला. आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. नावात नातं आलं, पण भाच्यांनी लक्ष दिलं नाही. वरून काही तळी अर्धी हिरवी दिसत होती. काकाजी म्हणाले, ती बुजली. माझं मत विचाराल तर पूर्व विदर्भातले खरे गड हेच. तट मातीचे आहेत आणि शत्रू गाळ आहे, एवढाच फरक.

वरून आणखी एक गोष्ट दिसली होती. पायथ्याकडे झाडीत काही रंगीत चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या, निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. “तिबेटीयनचा क्याम्प,” काकाजी म्हणाले.

उतरून तिथे गेलो. नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 पासून इथे आहे. हिमालय उतरून आलेल्या माणसांना मिळालेली जमीन कुठली, तर भंडाऱ्याच्या भातपट्ट्यातली, जिथे मे महिन्यात सावलीलाही चटका बसतो. ते भात लावायला शिकले. हिवाळ्यात वसाहत निम्मी रिकामी असते. तरुण मंडळी शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली. आपण फुटपाथवर ज्यांच्याशी घासाघीस करून स्वेटर घेतो, त्यांतल्या काहींचं घर असं भाताच्या खाचरात असतं हे मला माहीत नव्हतं.

स्तूपाभोवती चार-पाच म्हातारी माणसं जपमाळ ओढत फेऱ्या घालत होती. एक आजोबा फेऱ्या संपवून पायरीवर टेकले. काकाजींशी त्यांची जुनी ओळख. दोघं झाडीबोली आणि हिंदी यांच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत पिकाबद्दल बोलले. रानडुकरांनी कुणाचं किती खाल्लं, हा विषय दोघांचा सारखाच होता. मी डोंगरावर जाऊन आलो म्हटल्यावर आजोबांनी मान वळवून प्रतापगडाकडे पाहिलं आणि त्यांच्या सुरकुत्या हसल्या.

“हमारे उधर इसको पहाड बोलेंगे तो लोग हसेंगे,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “लेकिन अच्छा है. पचास साल से रोज देखते हैं.”

मी त्यांना वाटेवरच्या दगडांच्या राशीबद्दल सांगितलं. त्यांच्याकडेही खिंडीत पोचल्यावर अशीच रास असते, जाणारा दगड ठेवतो. “वहाँ भी वही,” एवढं म्हणून त्यांनी काकाजींकडे तंबाखू मागितली.

चहा आला, दुधाचा, गोड. लोण्याचा खारा चहा मिळेल अशी माझी आशा होती. ती बहुधा चेहऱ्यावर दिसली असावी, कारण आजोबा म्हणाले, इथल्या उकाड्यात तो कोण पिणार? लोसारला या, तेव्हा सगळी पोरं परत आलेली असतात, तेव्हा करतो. लोसार म्हणजे त्यांचं नवं वर्ष. मी हिशोब केला तर गंमत वाटली. महाशिवरात्री माघ अमावास्येच्या आदल्या दिवशी, आणि लोसार बहुतेक वर्षी त्याच अमावास्येनंतर लगेच. 2025 मध्ये शिवरात्र 26 फेब्रुवारीला होती, लोसार 28 ला. म्हणजे डोंगराच्या एका अंगाला यात्रा उठत असते तेव्हा दुसऱ्या अंगाला स्वेटर विकून आलेली पोरं घरी पोचून सण मांडत असतात.

परतताना साकोलीत गुरुजींनी पुन्हा पायरीवर बादली ठेवायला लावली. वर काय पाहिलं म्हणून विचारलं. मी तळ्यांबद्दल बोललो. “तेच पाहाचं असते जी,” ते म्हणाले आणि भात वाढायला सांगितलं.

तुम्हाला जायचं असेल तर यात्रेची गर्दी बघायला महाशिवरात्रीला जा, नाहीतर लाखोरी फुललेली असताना जानेवारीत जा. गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या आणि त्याला त्याचा रोज द्या. नेलेली बाटली परत आणा. आणि परतीच्या वाटेवर कुठल्याही एका मामा तलावाच्या पाळीवर उतरून, त्यात शेवटचा गाळ कधी काढला होता, एवढं त्या गावच्या सरपंचाला अवश्य विचारा.